'ऐकू येतंय का?' आणि चालू वर्तमानकाळ

महोदय,

'आय ॲम नोइंग', 'ही इज हॅविंग टू ब्रदर्स' या चुकांवर वर्गात सहसा एकच उपाय होतो: स्थितिदर्शक, म्हणजे कृती नव्हे तर अवस्था सांगणाऱ्या, क्रियापदांची यादी पाठ करून घ्यायची आणि त्यांना 'इंग' लावू नका असे बजावायचे. यादी परीक्षेपुरती टिकते. चूक उगवते मराठीत, आणि यादीत मराठीचा पत्ताच नसतो.

आपले क्रियापद 'तोय', 'तंय' सहज घेते, मग ती कृती असो वा नुसती अवस्था. 'मला कळतंय', 'आमटी खारट लागतेय' ही वाक्ये निर्दोष आहेत. तीच शब्दशः इंग्रजीत नेली की 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'द आमटी इज टेस्टिंग सॉल्टी' तयार होते. इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळ लागतो. फोनवरच्या 'ऐकू येतंय का?'चे 'आर यू हिअरिंग मी?' होते, हवे असते 'कॅन यू हिअर मी?'. दिसणे, ऐकू येणे यांसाठी 'कॅन' हीच तिथली रूढ वाट. सर्वांत चिवट वाक्य 'मी त्याला 10 वर्षांपासून ओळखतोय'. इथे 'आय ॲम नोइंग' चूक, आणि ते टाळून लिहिलेले 'आय नो हिम सिन्स टेन इयर्स' हेही चूकच. 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स' म्हणायचे.

यादीचा उलटा त्रासही आहे. 'हॅव' तिच्यात असल्याने मुले 'शी इज हॅविंग लंच' यालाही चूक ठरवतात. पण तिथे 'हॅव' म्हणजे जवळ असणे नव्हे, जेवणे. 'ही इज रूड' म्हणजे तो उद्धट आहे; 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता उद्धटपणा करतोय. पोते 50 किलो भरते तिथे 'वेज', मापाडी ते तोलतोय तिथे 'इज वेइंग'.

अशा दुहेरी क्रियापदांना एक कसोटी लावावी: हे मुद्दाम करता येते का, मध्येच थांबवता येते का? आमटीची चव घेणे थांबवता येते, तिचे खारट लागणे नाही. कसोटी सगळीकडे चालत नाही, हेही सांगावे. 'आय फील सिक' आणि 'आय ॲम फीलिंग सिक' दोन्ही बरोबर. मॅकडोनाल्ड्सचे 2003 पासूनचे 'आयम लव्हिन इट' तर बोलभाषेची सवलत घेते. मुले नेमके तेच पुढे करतात.

प्रश्न काढणाऱ्यांनी 'चालू वर्तमानकाळात बदला' याखाली 'नो', 'ओन', 'बिलाँग' असलेली वाक्ये देऊ नयेत. दिली, की मूल सूचनेप्रमाणे चुकीचे इंग्रजी लिहिते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात.

– एक इंग्रजी अध्यापक, सांगली