महायुद्ध आणि चौदा नंबरची खोली

महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धाच्या दूरगामी परिणामांवर आलेला पानभर लेख वाचला. संयुक्त राष्ट्रसंघ झाला, शीतयुद्ध झाले, ब्रिटिश साम्राज्याचा सूर्यास्तही झाला. आणि अखेरीस विद्वान लेखकांनी निर्वाळा दिला की, १९४४ चा गोदीतला स्फोट वगळता मुंबईला या युद्धाची झळ अशी लागलीच नाही. लेखकमहाशय बहुधा स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत असावेत. माझ्या आजोबांनी १९३४ साली गिरगावात बांधलेल्या तीनमजली चाळीचा मी मालक आहे (हा शब्द कागदोपत्री अर्थानेच घ्यावा), आणि आमच्याकडे ते युद्ध अद्याप संपलेले नाही.

युद्धाच्या काळात मुंबईत माणसांचा लोंढा आला, सिमेंट आणि लोखंड लष्कराकडे वळल्यामुळे नवी बांधकामे अडली आणि घरमालकांनी या टंचाईवर हात धुऊन घेऊ नयेत म्हणून सरकारने भाडी गोठवली. ते योग्यच झाले. मोकळीक मिळती तर आमच्या आजोबांनीही भाडे दुप्पट केले असते, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यानंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढी घेत घेत अर्धे शतक नांदला. त्या कायद्याने प्रमाण भाडे (म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे भाडे) म्हणून धरले ते १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे. जर्मनीने पोलंडवर चढाई केली, त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते. पुढे १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमण्याचा कायदा झाला, तेव्हाही उपकरप्राप्त (म्हणजे या दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या) इमारतींपैकी सर्वांत जुन्यांचा ‘अ’ वर्ग ठरवताना हीच तारीख कामी आली. सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले भाडे अवाजवी ठरवले ते १९९७ साली, आणि १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची परवानगी दिली. अकबर बादशहाही इतका उदार नसेल.

या तारखेशी माझी प्रत्यक्ष गाठ पडली ती पुनर्विकासाच्या कागदपत्रांच्या निमित्ताने. एका कार्यालयातील कारकुनाने चौदा नंबरच्या खोलीचे १ सप्टेंबर १९४० रोजी भाडे किती होते, याचा पुरावा मागितला. तो रविवार होता, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. दोन दिवस माळा उपसल्यावर आजोबांची लाल कापडी बांधणीची वही हाती लागली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली शाई काळीभोर. नोंद होती ती मोडीत. मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ शोधून लिप्यंतर करून घेतले, तेव्हा ‘खोली नंबर १४, रुपये ९, आणे ८’ ही ओळ देवनागरीत अवतरली. ती घेऊन गेलो, तर कारकुनाने वहीखालची सही साक्षांकित करून मागितली. सही करणारे १९६१ साली वारले आहेत, असे सांगितल्यावर त्यांनी मृत्यूचा दाखलाही जोडायला सांगितले.

त्या साडेनऊ रुपयांवर कायद्याने देऊ केलेली सगळी वाढ चढवूनही आज भाडे, कर वगळता, तीस रुपयांच्या आतच राहते. गेल्या पावसाळ्यात जिन्याची एक सागवानी पायरी मधोमध चिरली. सुताराने सांगितलेले अडीच हजार रुपये म्हणजे त्या खोलीचे जवळजवळ आठ वर्षांचे भाडे. आमच्या चाळीला अशा चौपन्न पायऱ्या आहेत.

यात भाडेकरूंचा दोष आहे, असे मी म्हणत नाही. चौदा नंबरातील आजींचे सासरे गिरणीत कारकून होते. हा कायदा नसता तर ते कुटुंब गिरगावात टिकले नसते, आणि आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला त्यांचा हात लागला तोही लागला नसता. शिवाय खोली हस्तांतरित होताना पागडीतला (नवा भाडेकरू भाडेहक्कासाठी मोजतो त्या एकरकमी रकमेतला) तिसरा हिस्सा माझ्या वडिलांनी मुकाट्याने घेतलेला आहे, तेव्हा आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. पण पागडी नावाचा हा प्रकार एवढा फोफावला तो भाडी गोठल्यामुळेच, हे पानभर लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. ज्या रेशनकार्डावर लेखकांच्या मातोश्रींनी साखर आणली असेल, त्या शिधावाटपाची मुंबईतली सुरुवातही १९४३ सालचीच.

जाता जाता एक. याच विषयावरील माझे मागील पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभारी आहे. मात्र त्यातला कायद्याचा सगळा मजकूर गाळून फक्त चाळीतल्या गणेशोत्सवाच्या आठवणी ठेवल्यात, आणि खाली नावाआधी ‘ज्येष्ठ भाडेकरू’ असे छापलेत. आमच्या भाडेकरूंनी ते कात्रण जिन्यात चिकटवले आहे. या वेळी जागेअभावी काटछाट करावीच लागली, तर गणपतीचा उल्लेख खुशाल गाळावा. १ सप्टेंबर १९४० ही तारीख तेवढी राहू द्यावी.

आपला नियमित वाचक,
एक घरमालक, गिरगाव, मुंबई