येळवसीला मी येत नाही, म्हणून हे पत्र

पुणे,
12 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तू वाच आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, एकेक ओळ सोडून लिहिलंय. बाबांनी नवा डोळा लगेच कामाला जुंपायचा नाही. चष्म्याचा नंबरही अजून काढायचाय.

काल फोनवर तू विचारलंस, "गुरुवारी रातच्या गाडीनं यायलीस ना?" आणि मी "बघते" म्हणाले. बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं गं. मी येणार नाही हे आठ दिवसांपूर्वीच ठरलंय. पण मागून तू डबे घासल्याचा आवाज येत होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून लिहितेय.

नोव्हेंबरात बाबांच्या डोळ्यासाठी मी आठ दिवस राहिले, त्यात रजा संपत आल्या. आता पाच उरल्यात. त्या मी 6 जानेवारीला दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढून ठेवल्यात, त्यातली एकही मोडायची नाही. हे म्हणाले, एका दिवसात जाऊन ये. तसंही एकदा करून झालंय ना? आले, जेवले, लिंबाखाली आडवी झाले आणि दिवस मावळायच्या आत फाट्यावर. तू पदरानं डोळे पुसत डबा दिलास, बाबा गाडी वळेपर्यंत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्यूटी होती. माझ्या वॉर्डात किलो-दीड किलोची लेकरं असतात, आई. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये जागून त्यांच्या अंगाला हात लावायचा म्हटलं की मलाच भीती वाटते. आपल्याकडं येळवसीला कलेक्टर सुट्टी देतात, लातूर ओस पडतं, बाजारात चिटपाखरू नसतं. इथं 19 तारीख म्हणजे नुसता शुक्रवार. सुट्टी कशाला म्हणून विचारतात, तेव्हा मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही रानात कडब्याची कोप घालतो, पांडव पुजतो आणि सगळे तिथंच जेवतो, हे सांगायला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

मी हिशेबही करून पाहिला. 2024 साली येळवस दोनदा आली, 11 जानेवारीला एक आणि 30 डिसेंबरला एक. दोन्हींना मी होते. औंदाची माझ्या वाट्याची आधीच जेवून झालीय, असं मनाला समजावते. मन ऐकत नाही.

माझी काळजी करू नका. तुरीच्या शेंगा इथं मंडईत आल्यात, कालच दोन किलो आणल्या. चुका मिळाला, चाकवत मिळाला, पातीचा कांदा आहे. तू दिलेलं ज्वारीचं पीठ आहे, आंबील गुरुवारी रात्रीच लावते. माझी ड्यूटी दुपारची आहे, तेव्हा पहाटे पाचला उठून या सगळ्या भाज्यांची भज्जी होईल, लेकरं शाळेत जायच्या आत पूजा होईल. त्यांनी खालच्या बागेतून पाच दगड वेचून आणलेत आणि गेरू-चुना लावून गॅलरीत वाळत ठेवलेत. धाकटीनं विचारलं, पांडवांना थंडी वाजते का? मी लहानपणी हेच विचारलं होतं म्हणे. तेव्हा बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढून कोपीवर टाकली होती. इथं घोंगडी नाही, तुझी जुनी शाल आहे. कडब्याऐवजी उसाची वाढी लावू. चालेल ना गं?

बाबा, मला दरसाली एकच गोष्ट आठवते. तुमच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, मी तुमच्या धोतराचा सोगा धरलेला आणि बांधावर दव. चर शिंपताना तुम्ही पुढं रानभर आंबील शिंपडत आणि मी मागं, "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत. अर्थ मला अजूनही नीट कळलेला नाही. परवा रात्री वॉर्डात एक लेकरू काही केल्या झोपेना, तेव्हा त्याला थोपटताना माझ्या तोंडी तेच आलं, अगदी हळू.

आणि भूकंपानंतरची येळवस. मी सहा वर्षांची होते, पण सगळं लख्ख आठवतं. आपण पत्र्याच्या शेडात राहत होतो. आजी नव्हती. आजोबांनी तरीही कोप घातली आणि कुणी काही बोललं नाही. भज्जी कमी पडली होती. तुम्ही आणि काका एकाच ताटात जेवलात. काका उंडा मोडून तुमच्या पुढ्यात सरकवत होते, तुम्ही परत त्यांच्या पुढ्यात.

आता यापुढचं ऐकून बाबांनी उठून अंगणात जायचं नाही. आई, त्यांचा हात धर.

मी काकांना फोन केला. मीच केला, त्यांनी काही म्हटलं म्हणून नाही. आंब्याच्या भांडणाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मी एवढंच म्हणाले, काका, मला औंदा येणं होत नाही, घरात दोघंच आहेत. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "कोप तुमच्याच रानात घालू, बाई. दादाला बांध ओलांडून यायला लावणार नाही मी."

बाबा, तुम्हाला न विचारता केलं हे. चुकलं असेल तर जानेवारीत समोर बसून रागवा, मी ऐकून घेईन. पण तुम्ही दोघांनीच रानात बसून जेवायचं, हे चित्र माझ्यानं सहन होईना. येळवसीला वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही आपण हाताला धरून पंगतीला बसवतो. काका तर काका आहेत. बोलणं झालं तर झालं, नाही झालं तर जेवा नुसते. त्या दिवशी तरी बांधाकडं बघायचं नाही.

तर ठरलंय ते असं. खीर आणि उंडे काकू करून आणणार. भज्जी तुझीच, आई, ती मी कुणाला करू दिली नाही. काकूच म्हणाल्या, वहिनींच्या हाताची चव आमच्यात नाही. पण शेंगा सोलायला आणि भाज्या निवडायला त्यांच्या सुनेला आदल्या दिवशी बोलावून घे. तू पाटावर बसून दोन-दोन तास निवडत बसलीस तर गुडघा धरतो आणि मग तू मला सांगत नाहीस. मला कळतं, फोनवर तू उठताना "हां" म्हणतेस त्यावरून.

सप्टेंबरात तेरणेनं सोयाबीन नेलं, खालच्या पट्टीतली माती नेली. हरभरा उशिरा पेरलाय, घाटे धरले नसणार. सोले बाजारातून आणावे लागले तर खुशाल आणा. 2016 साली, पुढं उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं त्या साली, आपण भज्जीची एकूण एक भाजी विकत आणली होती. बाबा त्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन उठले. तेव्हा मी काही बोलले नाही, आज बोलते. बाबा, रान रिकामं राहिलं यात तुमचं काही चुकलं नव्हतं. आताही नाही. पोटभर जेवायचं.

औषधाचं आता कान देऊन ऐका. थेंब घातल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दोन बाटल्यांच्या मध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची, बाटलीचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. आईनं आधी साबणानं हात धुवायचे. काळा चष्मा दिवसभर, आणि पडवीत बसतानासुद्धा. कोपीतली पूजा झाली की बाबांनी चुलीच्या धुरापासून लांब, लिंबाखाली खाटेवर बसायचं. बिंदगं औंदा बाबांनी उचलायचं नाही, काकांच्या नातवाला द्या. चर शिंपायला बाबांनी जावं, पण एकाच बांधानं आणि कुणाचा तरी हात धरून. संध्याकाळी पेंढी पेटवून फिरवायला पोरं आहेत, तिथं ठिणग्या उडतात. जाता-येता मोटारसायकल नको, काकांचा मुलगा गाडी आणेल. आई, खीर दोन चमचे. दोनच. मी काकूंना सांगून ठेवलंय, त्या वाढताना बघतील.

लई बोलले का? रागावू नका. लांबून मला एवढंच करता येतं.

माझ्या ताटाचं काय करायचं ते तू विचारशीलच, आई. मागच्या साली मी हात धुवायला गेले तरी तू माझं ताट उचलू दिलं नव्हतंस. औंदा ते वाढ, रिकामं ठेवू नको, आणि वाटेनं येणाऱ्या पहिल्या माणसाला त्यावर बसव. ऊसतोडीच्या टोळीतली एखादी पोर असेल तर तिला बसव.

5 तारखेला सकाळी मी पोचते. येताना फक्त थेंबांच्या बाटल्या आणि तुझी गुडघ्याची पट्टी आणते, दुसरं काही सांगू नका. त्या दिवशी साधी ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी कर. बस्स.

शुक्रवारी रात्री नऊला माझी ड्यूटी सुटते. दूध कोणत्या बाजूला उतू गेलं ते फोन करून सांगा. काकांनी सांगितलं तरी चालेल.

तुमची,
बाई

ता. क. आई, काकूंच्या ओटीला खण माझ्याकडून. माझ्या लोखंडी पेटीत खाली हिरवा आहे, तोच दे.