केस कापायला शिकताना नेमकं काय शिकतात

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तू विचारलंस की केस कापायला शिकायला एवढे महिने कशाला लागतात. बाबा, तुमचं म्हणणं की दिवसभर उभं राहून पायांची वाट लागेल. फोनवर यातलं काहीच धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. पत्र लांबेल, पण मी काय शिकतेय हे तुम्हाला नीट कळावं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत या कामाच्या परवान्यासाठी १,००० ते १,५०० तासांचं प्रशिक्षण लागतं. शिकागोत ए. बी. मोलर यांनी १८९३ साली या कामाची शाळा काढली, म्हणजे वर्गात शिकायची पद्धतही काही कालची नाही. आता हे तास जातात कुठे, ते सांगते.

पहिले जातात स्वच्छतेत. कात्री हातात यायच्या आधी कंगवा धुवायला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. वस्तऱ्याने बारीकशी जखम झाली तरी रक्त येतं, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो. रक्ताचा डाग दिसत नाही म्हणून हत्यार स्वच्छ, असं धरून चालत नाही. नायटा, उवा, पू धरणारे फोड हे वेगळंच. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी केस झटकून साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवायचं, बरणीवर लिहिलेला वेळ होऊ द्यायचा (बहुतेक द्रावणांना १० मिनिटं लागतात), मग पुसून कोरडं करायचं. न धुता बुडवलं तर केस आणि तेलाच्या थरामुळे औषध आत पोचतच नाही. काचेच्या बरणीत कंगवे अर्धे बाहेर उभे दिसले किंवा तळाशी केस साचलेले दिसले, तर ती बरणी नुसती दाखवायची आहे असं समजा. द्रावण रोज नवीन करायचं.

ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं, आणि तेही त्याच्यासमोर उघडायचं. दुधारी ब्लेड अर्धं करून वस्तऱ्यात घालतात, ते कागदी वेष्टनातच मोडायचं, म्हणजे बोटं कापत नाहीत. वापरलेलं ब्लेड जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात, साध्या कचऱ्यात कधीच नाही. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरवणं आम्हाला पूर्ण बंद आहे. रक्त थांबवायला तुरटीची पूड नव्या कापसावर घेऊन लावायची आणि कापूस टाकून द्यायचा.

मग डोकं बघायला शिकायचं. तेही केस कोरडे असताना, कारण भिजवले की ते खोटं बोलतात. भोवरा कुठे आहे, एक आहे की दोन, मानेवरचे केस खाली वाढतात की एका बाजूला वळतात, जुन्या जखमेचे वण, तीळ, चामखीळ हे सगळं बोटं फिरवून आधी माहीत करून घ्यायचं. भोवऱ्यापाशी केस फार आखूड केले तर ते ताठ उभे राहतात, म्हणून तिथे लांबी राखायची. दोन्ही कान एका पातळीत असतातच असं नाही. कल्ले कानाला धरून मापले तर आरशात एक वर, एक खाली दिसतो. त्यासाठी समोर उभं राहायचं, दोन्ही कल्ल्यांच्या टोकांना तर्जनी टेकवायची आणि आरशात बघून पातळी ठरवायची. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. कपाळावरचे केस ओले असताना भुवईपर्यंत कापले, तर वाळल्यावर ते वर चढलेले दिसतात. साध्या केसांना सेंटिमीटरभर जास्त ठेवायचं, कुरळ्यांना त्याहून जास्त, किंवा मग ते कोरडेच कापायचे.

कात्रीचं शिक्षण बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. कात्रीचं एक पातं स्थिर असतं, एक हलतं. अनामिका स्थिर पात्याच्या कडीत, करंगळी मागच्या आकड्यावर, आणि अंगठ्याचं फक्त टोक दुसऱ्या कडीत. उघडझाप एकट्या अंगठ्याने करायची, बाकीचा हात हलताच कामा नये. अंगठा कडीत खोल घुसवला की दोन्ही पाती हलतात, रेघ वाकडी येते आणि मनगट दुखायला लागतं. म्हणून आधी बरेच दिवस केसांशिवायच सराव असतो. कंगवा आडवा धरायचा, स्थिर पातं त्याला समांतर ठेवायचं आणि अंगठा चालवत राहायचा. कात्रीचा स्क्रूही तपासायला शिकवतात. एक कडी धरून कात्री काटकोनात उघडायची आणि दुसरी बाजू सोडून द्यायची. ती थोडी खाली येऊन मध्येच थांबली तर ठीक. धाडकन मिटली तर स्क्रू सैल आहे आणि केस कापले न जाता पात्यांमध्ये दुमडतील. हललीच नाही तर फार आवळलेला आहे, अंगठा थकेल आणि धारही लवकर जाईल. या कात्रीने कागद कापायचा नाही, आणि ती हातातून पडली तर तपासल्याशिवाय डोक्याला लावायची नाही.

आई, कंगव्यावर कात्री चालवणारा कसलेला माणूस बघशील तर काम सोपं वाटेल. कंगवा खालून केसांत घालायचा, त्याची कड डोक्यापासून किंचित बाहेर कललेली ठेवायची आणि सावकाश वर न्यायचा. दातांतून वर आलेले केस कात्रीने कापत जायचं. कंगवा सावकाश आणि कात्री भरभर, अशी दोन हातांची दोन गती जमायला वेळ लागतो. कंगवा चालू असताना कात्री थांबली किंवा कात्री चालू असताना कंगवा थांबला की तिथे पायरी पडते. ती घालवायला नवशिका आणखी खोल जातो आणि खड्डा करतो. खरं तर पायरी दिसली की फक्त तिच्या वरची कड काढायची असते, खालचा भाग सोडून द्यायचा असतो.

मशीनचं आता. बाबा, तुम्ही 'दोन नंबर मारा' म्हणता, तो नंबर मशीनवर लावायच्या प्लास्टिकच्या गार्डचा. १ नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३, आणि ८ नंबर २५ मिलिमीटर. शिवाय मशीनच्या बाजूला एक खटका असतो. तो उघडला की केस जरा लांब राहतात, बंद केला की आखूड. हल्ली मुलं मागतात त्या फेडमध्ये मानेपाशी जवळजवळ त्वचा दिसते आणि वर जाताना केस हळूहळू दाट होतात. मध्ये कुठेही रेघ दिसता कामा नये. सारी कमाल या खटक्याची असते.

आधी वरचा भाग मोठ्या नंबरने. मग खाली गार्ड न लावता पहिली रेघ, ती ठरवलेल्या उंचीपेक्षा मुद्दाम खालीच. तिच्यावर साधारण दोन बोटं १ नंबरचा पट्टा, खटका उघडा ठेवून. आता दोन्हींच्या मध्ये रेघ दिसते. ती अर्ध्या नंबरच्या गार्डने काढायची. सुरुवात खटका उघडा ठेवून, आणि रेघेच्या खालच्या कडेकडे येताना तो थोडा थोडा बंद करत. प्रत्येक वेळी मशीन वर नेताना शेवटी डोक्यापासून बाहेर उचलायचं, विमान धावपट्टी सोडतं तसं. न उचलता सरळ वर नेलं तर रेघ जात नाही, फक्त वर सरकते. शेवटचे ठिपके मशीनच्या एका कोपऱ्याने काढायचे.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती काळपट डागाने. कवटीच्या मागच्या उंचवट्याखाली आणि कानामागे खोलगट जागा असते. मशीन सपाट, ते खळग्यात टेकत नाही, म्हणून तिथे केस जास्त राहतात. पण कधी केस तेवढेच असतात, फक्त दाट असतात किंवा उजेड एका बाजूने पडलेला असतो. ते न ओळखता डागाच्या मागे लागलं की फेड कानाच्या वर पोचतो. म्हणून आधी खुर्ची फिरवून दुसऱ्या बाजूच्या उजेडात बघायचं आणि मग हात लावायचा. एकदा कापलेलं परत येत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे चूक झाली तर समोरच्याला ती काही आठवडे डोक्यावर वागवावी लागते. म्हणून नेहमी मोठ्या नंबरपासून सुरुवात करून राखूनच कापायला शिकवतात.

आणखी एक नेहमीची चूक. मान साफ करायला गार्ड काढायचा, मग तो लावायचा विसरून मशीन थेट डोक्यावर. एका क्षणात टकलाचा पट्टा पडतो. गार्ड अर्धवट बसलेला असेल तरी हेच होतं. म्हणून मशीन डोक्याला लावण्यापूर्वी दर वेळी गार्ड बोटाने ओढून बघायचा. पातं तापलंय का ते आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायचं. चालू मशीनच्या पात्यावर तेलाचे २-३ थेंब द्यायचे. कोरडं पातं तापतं आणि केस कापण्याऐवजी ओढतं.

दाढी शेवटी येते, आणि तीही माणसावर नाही, फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला फेस लावून वस्तऱ्याने तो उतरवायचा. कोन किंवा दाब चुकला की फुगा फुटतो. वस्तरा त्वचेशी साधारण ३० अंशांत धरायचा. जास्त उभा केला की रुततो, फार आडवा केला की केसांवरून घसरतो. दुसऱ्या हाताने त्वचा मागे ताणायची आणि छोटे छोटे हात मारायचे. सगळ्यात धोक्याचं म्हणजे ब्लेड आपल्याच लांबीच्या दिशेने सरकणं. दाढी करताना ते आडवं पुढे जातं, पण लांबीत जरा घसरलं की सुरीसारखं चिरतं. कंठाच्या उंचवट्यावरून वस्तरा न्यायचा नसतो, तिथली त्वचा बोटांनी बाजूला सरकवून सपाट जागेवर आणायची आणि मग हात मारायचा. आधी गरम टॉवेल २-३ मिनिटं, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ होतात. पहिली दाढी केस वाढतात त्याच दिशेने. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात कुरळ्या दाढीवर मारायचाच नाही, कारण केस त्वचेच्या खाली कापला जातो आणि वाढताना आतच वळून पुटकुळी करतो.

वयस्कर माणसांचा तर वेगळा पाठच आहे, आणि तो मी तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवून शिकतेय. वयानुसार त्वचा पातळ आणि सैल होते, म्हणून ती जास्त ताणावी लागते आणि वस्तरा जास्त हलका ठेवावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर छोट्या जखमेचंही रक्त लवकर थांबत नाही. अशा वेळी वस्तरा टाळून ट्रिमर वापरणं मला शहाणपणाचं वाटतं. आडवी केलेली खुर्ची एकदम सरळ केली तर चक्कर येऊ शकते, म्हणून दोन टप्प्यांत सरळ करायची. कानांवरचे आणि भुवयांतले राठ केस विचारूनच कापायचे. मान कडकन फिरवून मोडणं आम्हाला शिकवत नाहीत. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. बाबा, कुणी करायला आलं तर तुम्ही ठाम नाही म्हणा.

आता पायांचं. काळजी रास्त आहे. पण पायांआधी खांदे जातात, आणि ते खुर्चीच्या उंचीमुळे. कोपर खांद्याच्या वर उचलून काम करायचं नाही, त्यासाठी दर टप्प्याला खुर्ची खालीवर करायची आणि आपण वाकायचं नाही. पायांखाली जाड चटई, बंद बूट, आणि एका जागी खिळून न राहता खुर्चीभोवती फिरत काम. पायांची बोटं उघडी ठेवायची नाहीत. कापलेले बारीक केस बोटांच्या बेचक्यात रुततात आणि तिथे भोक पडून पू होतो. हा न्हाव्यांचा ठरलेला आजार आहे, हातांनाही होतो. तो टाळायला दिवसअखेर बेचके साबणाने धुऊन कोरडे करायचे, आणि ते मी पाळते.

मी आले की बाबांचे केस मीच कापीन. आदल्या दिवशी तेल लावू नका, नुसते धुऊन ठेवा. चालू गोळ्यांची यादी आईने एका कागदावर लिहून ठेवावी. आणि बाबा, उजव्या कानामागचा तो तीळ हल्ली मोठा झालाय किंवा खाजतोय असं वाटत असेल तर माझी वाट न बघता आधी डॉक्टरांना दाखवा.

तुमची लेक