'दीर्घ श्वास सोडा' असंही छापा

संपादक महोदय,

आरोग्याचं पान असो, कलेची पुरवणी असो की ताणतणावावरचं सदर, एक सूचना हमखास वाचायला मिळते: 'दीर्घ श्वास घ्या.' सोबतच्या चित्रातला माणूस छाती फुगवून उभा असतो. मला लहानपणापासून दमा आहे आणि गेली चाळीस वर्षं मी अक्षरलेखन करतो. या दोन्हींच्या अनुभवावरून विनंती करतो, की 'सोडा' हा शब्दही तितक्याच ठळक टायपात छापावा.

दमा उसळतो तेव्हा श्वासनलिका आवळलेल्या असतात. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, आणि त्यावर आणखी घ्यायला गेलं की छाती गच्च होते. अशा वेळी कुणी प्रेमाने 'मोठा श्वास घे' म्हटलं की जीव जास्तच घाबरा होतो. मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलट्या बाजूने शिकवलं. नाकाने दोन मोजेपर्यंत घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत हळूहळू सोडायचा. त्याने नलिका थोडा जास्त वेळ उघड्या राहतात, अडकलेल्या हवेला वाट मिळते. (इनहेलर खिशात असतोच, त्याच्या जागी हे नाही.)

या सवयीमुळेच माझ्या हाताची एक जुनी खोड सापडली. बोरू (तिरक्या कापलेल्या टोकाची लेखणी) कागदाला टेकला की मी श्वास रोखून धरत असे. 'अ'चा दंड, म्हणजे उभी रेघ, निम्म्यापर्यंत सरळ यायचा आणि शेवटच्या बोटभर अंतरात थरथरायचा. शाई दाट करून पाहिली, कागद बदलला, बैठक बदलली. काही उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी ओठांचा चंबू करून, श्वास सोडता सोडता दंड ओढला. रेघ आणि श्वास एकदमच संपले. खाली बोरूचा काप जसाच्या तसा, तिरका आणि स्वच्छ उमटला होता. मी कितीतरी वेळ त्या टोकाकडेच बघत बसलो.

मनगटावर बोट ठेवून शांत बसलं तर हे कुणालाही तपासता येतं. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तरुणपणी हा फरक जास्त ठळक असतो, वयानुसार कमी होतो; पण साठीजवळ आलेल्या मला तो अजून जाणवतो.

गाणाऱ्याचा सूर निघतो तो सोडलेल्या श्वासावर. फुंकून वाजवायची वाद्यं तशीच, नळीच्या टोकावर फुगणारी काच तशीच. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहांत हातांचे ठसे आहेत. भिंतीवर तळहात टेकवायचा आणि त्यावर तोंडाने रंग फुंकायचा. हात काढला की त्याची मोकळी आकृती मागे राहते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार त्यातला एक ठसा किमान ३९,९०० वर्षांचा आहे. इतक्या जुन्या काळी कुणीतरी सोडलेला एक श्वास भिंतीला अजून चिकटून आहे, हे वाचलं त्या दिवशी मी काम बाजूला ठेवलं होतं.

आपल्या भाषेला तर हे ठाऊकच आहे. संकट टळलं की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. दुःख आवरेना की उसासा सोडतो. दोन्ही वेळा हवा बाहेरच जाते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आता वळण शिकवण्याआधी नुसतं फुंकायला लावतो. परवा हात थरथरत असलेली एक मुलगी बोरू टेकवून थांबली आणि म्हणाली, "सर, सोडू?" 'सोड' म्हटलं. दंड थेट तळाच्या ओळीपर्यंत गेला.

पुढच्या वेळी श्वासावरचा मजकूर छापाल तेव्हा छाती फुगवलेल्या माणसाऐवजी ओठांचा चंबू करून हवा सोडणारा माणूस दाखवावा. चित्र हवं असल्यास मी काढून पाठवीन.

आपला,
एक अक्षरलेखक