टॉकीजचा उतार

डेट्रॉईटजवळ, मिशिगन
रविवार, रात्री

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. फोन केला असता तर तू नेहमीसारखं "बरं बरं, ठेवतो" म्हणाला असतास, म्हणून लिहायलाच बसले. सांगलीतली बाबांची टॉकीज पाडून गाळे काढायचे नाहीत, त्यापेक्षा आत स्केटिंग रिंक, म्हणजे चाकांचे बूट घालून फिरायचा हॉल करू, हे ऐकून आधी हसू आलं आणि मग डोळे भरले. वहिनीचं मत काय ते तू सांगितलं नाहीस, त्यावरून समजले.

मी रिंकवर काम करते म्हणून तू मला विचारतोयस, पण माझं काम कोणतं ते आधी ऐक. चार वर्षं झाली, शनिवार-रविवार मी स्केट भाड्यानं देणाऱ्या काउंटरवर असते. देवळाबाहेर चपला सांभाळणारी बाई असते ना, तशी. माणूस पायाचा नंबर सांगतो, मी फळीवरून जोड काढून देते. फिकट तपकिरी बूट, नारिंगी चाकं, टाचेवर मोठा आकडा. परत आले की आत औषधाचा फवारा मारायचा आणि प्रत्येक चाक बोटानं फिरवून बघायचं. फिरलं नाही तर आसाला बायकांचे केस गुंडाळलेले असतात. ते चिमट्यानं उपसायचे. अमेरिकेत येऊन हे करीन असं आईला सांगितलं असतं तर तिनं जेवण सोडलं असतं.

तू विचारलंस, तिकीट किती आणि दिवसाला माणसं किती. दादा, बाबा काय म्हणायचे आठवतं? "पिक्चर वितरकाचं, सायकल स्टँड आपला." तिकिटाच्या पैशातून वितरकाचा वाटा आणि कर गेला की हातात उरायची ती कँटीनची भजी, सोडा आणि सायकलींचे पैसे. इथंही तेच. आमच्या मालकाला तिकिटावर वीज आणि हीटिंगचं बिल भागलं तरी पुष्कळ वाटतं. त्याचं घर चालतं ते वाढदिवसांवर. शनिवारी दुपारी दोन ते चार एक पार्टी, साडेचारला दुसरी. पिझ्झा, बर्फाचं निळं सरबत, वाढदिवसाच्या पोराला फुकट पास, बाकीच्यांना गेम मशीनची नाणी. शिवाय आठवड्यात एखादी संध्याकाळ शाळेची असते. शाळा पोरं आणते, गल्ल्यातला काही हिस्सा शाळेच्या निधीला जातो. म्हणजे हे लहान मुलांचं मंगल कार्यालयच, फक्त जमीन गुळगुळीत.

हा भाड्याचा हिशेब आजचा नाही. १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन नावाच्या फर्निचरवाल्यानं चार चाकांची नवी स्केट काढली. अंग ज्या बाजूला कललं त्या बाजूला ती वळायची. त्याआधीच्या स्केटवर माणूस सरळ जायचा तो थेट भिंतीपर्यंत. पण प्लिम्प्टनची खरी हुशारी अशी, की स्केट विकण्याऐवजी तो भाड्यानं द्यायचा. १८६६ साली त्यानं न्यूपोर्ट नावाच्या समुद्रकाठच्या श्रीमंती गावात एक हॉटेल भाड्यानं घेऊन तिथं रिंक थाटली. बड्या घरच्या तरुण-तरुणींनी वडीलधाऱ्यांच्या देखत एकमेकांचा हात धरायची ती सोय. पुढे १८८४ मध्ये चाकांत बॉल बेअरिंग आले, स्केट हलकी पळू लागली आणि खेळ साध्या माणसांपर्यंत उतरला. १९०२ साली शिकागोच्या कोलिझियम नावाच्या मोठ्या सभागृहात रिंक उघडली तेव्हा पहिल्याच रात्री सात हजारांवर माणूस लोटलं होतं. आपल्या टॉकीजला 'हाऊसफुल'चा बोर्ड लागला की बाबा बाहेर येऊन तो सरळ आहे का बघायचे, ते आठवलं.

आमचा मालक सत्तरीचा आहे. रिंक त्याच्या वडिलांनी बांधली. रात्री गल्ला मोजताना तो बोलतो, मी ऐकते. रिंकमालकांची देशभरची संघटना इथंच, डेट्रॉईटमध्ये, १९३७ साली १७ मालकांनी मिळून काढली, हे तो दर महिन्याला नव्यानं सांगतो. त्याच्या लहानपणी रिंकवर ऑर्गन वाजायचा, माणूस समोर बसून. जीन्स घालून आलेल्याला दारातून परत. फ्लोअर मॅनेजर शिट्टी वाजवून सांगायचा, आता फक्त जोड्या, आता सगळे, आता उलट्या दिशेनं. चाकं तेव्हा लाकडाची किंवा मातीच्या मिश्रणाची, घरंगळण्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा. सत्तरच्या दशकात प्लास्टिकची, म्हणजे पॉलियुरेथेनची चाकं आली. आवाज गेला, पकड आली. आवाज गेल्यावर गाणी ऐकू यायला लागली, आणि डिस्को आत शिरला तो त्याच फटीतून, असं मालकाचं म्हणणं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एम्पायर रोलरड्रोम नावाच्या रिंकवर बिल बटलर नावाचा स्केटर ज्या ढंगानं नाचायचा, त्यातून रोलर डिस्को सगळीकडे गेला. ती चार-पाच वर्षं जणू नोटांचा पाऊस. ज्याच्याकडे गोदाम होतं तो रिंक काढत होता. मग ऐंशीच्या सुरुवातीला हवा बदलली, आणि कर्ज काढून बांधलेल्या कितीतरी रिंका बसल्या. एम्पायरनं मात्र २००७ पर्यंत तग धरला.

त्यानंतर ओळीत चाकं असलेली स्केट आली. मिनेसोटातल्या आइस हॉकीवाल्यांनी उन्हाळ्यात सराव करता यावा म्हणून ती उचलून धरली, आणि नव्वदीत गल्लोगल्ली पोरं त्यावर. मालकाला त्या स्केटचा अजून राग आहे. म्हणतो, डिस्को गेला त्याचं दुःख नाही, फॅशन जातेच; पण हिला रिंकची गरजच नव्हती, रस्ता फुकट होता. आपल्याकडे व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा बाबा असंच काहीतरी बोलले होते. मला शब्द आठवत नाहीत, चेहरा आठवतो.

एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. आमची रविवारची रात्र मोठ्या माणसांची असते, अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव. येणारे बहुतेक काळे लोक, डेट्रॉईट शहरातून चाळीस-चाळीस मिनिटं गाडी चालवून आलेले. एकालाही माझे भाड्याचे बूट नको असतात. स्वतःची स्केट पिशवीतून काढतात, हार्मोनियम काढावी तशी. एक जोडपं आहे, दोघंही पासष्टीच्या पुढचे. तो कडक इस्त्रीची पँट घालतो. आत शिरल्यावर पहिल्या दोन फेऱ्या एकटा मारतो, मग कठड्याजवळ येऊन हात पुढे करतो. बाई हात देते आणि दोघं एका पावलानं जातात. वळणावर कोणी कोणाला ओढत नाही. मी केस उपसायचं थांबवते आणि बघत राहते.

ह्याच लोकांना एके काळी रिंकवर येऊ देत नसत, किंवा आठवड्यातली एकच रात्र देत. शिकागोच्या व्हाइट सिटी रिंकसमोर त्याविरुद्ध १९४६ साली निदर्शनं झाली होती. आणि १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या, काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टन मोर्चाला लेजर स्मिथ नावाचा स्केटर शिकागोहून स्केटवरून गेला, दहा दिवस, जवळजवळ अकराशे किलोमीटर. आपल्या वारीतली माणसं हे ऐकून मान डोलावतील. आज पडत्या काळात रिंका कोणी धरून ठेवल्या म्हणशील तर ह्यांनीच. पण ते पिझ्झा घेत नाहीत, पाणी पितात आणि चार तास स्केट करतात. म्हणून काही मालक ही रात्रच बंद करतात. आमच्यानं केलेली नाही. हिशेब मांडला तर करायला हवी, हे तोच म्हणतो.

२०२० साली सगळं बंद झालं. आमची रिंक कित्येक महिने कुलपात होती. आणि गंमत बघ, त्याच वर्षी घरात कोंडलेल्या पोरींनी फोनवर नाचाचे व्हिडिओ टाकले आणि दुकानांत चार चाकांच्या स्केट मिळेनाशा झाल्या. रिंक उघडल्यावर गर्दी आलीसुद्धा. पण रिंका बंद पडतात त्या गिऱ्हाईक नाही म्हणून कमीच. जमीन मोठी, गाड्या लावायला त्याहून मोठी, आणि मालक म्हातारा. मुलगा दुसऱ्या गावात कॉम्प्युटरवर काम करतो. मग कोणीतरी गोदामवाला येतो आणि एकरकमी देतो. आमच्या मालकाकडे एक जण दोनदा येऊन गेला. हे तुला जपून सांगते, कारण गाळेवाला बिल्डर तुझ्याकडे किती वेळा आला ते तू मेसेजमध्ये गाळलंयस.

आता कामाचं. तुझ्या बाजूनं दोन गोष्टी आहेत. टॉकीजच्या मधोमध खांब नाही, रिंकला नेमकं तेच लागतं. आणि आपल्याकडे स्केटिंग म्हणजे क्लास. इथं करमणूक, तिकडे सकाळी सहाला आई पोराला घेऊन उभी. बेळगावची पोरं विक्रम करतात हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे महिन्याची फी, ठरलेली. इथल्या मालकाला असं काही मिळालं असतं तर त्यानं पेढे वाटले असते.

विरुद्ध बाजूला दोन. पहिली, पूर. २०१९ ला पाणी टॉकीजमध्ये कुठवर चढलं होतं ते तूच फोटोत दाखवलंस. इथं ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात नदीकाठी ओक्स पार्क नावाची १९०५ पासूनची रिंक आहे. १९४८ च्या पुरानंतर त्यांनी लाकडी जमिनीखाली हवाबंद लोखंडी पिंपं बसवली. पाणी वाढलं की जमीन तरंगते. तुला हे आवडणार, पण लगेच पिंपांचे भाव काढू नकोस. तू लाकूड घालूच नकोस, कोबा घाल आणि वर चांगला लेप दे. इथं मेपलच्या पट्ट्या कोपऱ्यांवर गोल फिरवून बसवतात, म्हणजे चाक लाकडाच्या रेषेबरोबर वळतं. बघायला देखणं, पण कृष्णामाईला त्याचं काय.

दुसरी अडचण तुझ्या लक्षातच आलेली नाही असं दिसतं. टॉकीजच्या जमिनीला उतार आहे. स्टॉलपासून पडद्यापर्यंत. मध्यंतरात सांडलेली सोड्याची बाटली घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत जायची आणि आपण दोघं पैज लावायचो. त्या उतारावर शंभर पोरांना चाकं लावून सोडलीस तर सगळी पडद्याखाली गोळा होतील. भराव घालून सपाट करायचं तर पडद्याच्या बाजूला किती चढवावं लागेल, खर्च किती, सगळं त्यावर आहे. तेव्हा बिल्डरला हो किंवा नाही म्हणायच्या आधी गवंड्याला बोलव, पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून घे आणि दोन्ही टोकांचे आकडे मला कळव. मालकाला दाखवते. त्याला बाबांच्या सायकल स्टँडचं सांगितलं तेव्हापासून तो तुझी चौकशी करतोय.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचं काय ते लिही.

तुझी,
नंदा

ता. क. मी स्वतः स्केट घालते का, असं वहिनीनं विचारलं होतं. घातली होती, एकदाच. डावं मनगट महिनाभर पट्टीत होतं. आईला सांगू नका.