आठवीच्या वर्गातच बोलायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालविवाह रोखल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. कुणीतरी १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर कळवते, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोहोचतात आणि लग्न थांबते. हे काम मोलाचेच आहे. परंतु सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविका म्हणून अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपण मुलीपर्यंत फार उशिरा पोहोचतो. ज्या मुलीचे लग्न थांबले नाही, तिची आणि सरकारी दवाखान्याची पहिली भेट बहुधा तिला दिवस गेल्यानंतरच होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर सोलापूर जिल्ह्यात सुमारे ४० टक्के आढळले. त्याच पाहणीत राज्यातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचे प्रमाण ६.८ टक्के आहे. आपल्याकडची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले की वयात आलेल्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न असतो, आणि कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोडीलाच, बहुधा उचल (आगाऊ रक्कम) मिळत असल्याने लग्न हाच त्याचा सोपा तोडगा ठरतो. शहराच्या पूर्व भागात शाळा सुटलेली मुलगी आईशेजारी विड्या वळायला बसते. एसटीचा मोफत पास आहे, पण वस्तीपर्यंत गाडीच येत नसेल तर हायस्कूल दूरच राहते.

एक प्रसंग मनातून जात नाही. पाचवा महिना लागलेल्या मुलीला घेऊन तिची सासू उपकेंद्रात आली आणि वय एकोणीस म्हणाली. शाळेच्या दाखल्यावर सोळा होते. रक्त अतिशय कमी, पायांवर सूज. मुलगी माझ्याशी एकदाच बोलली : "बाई, हे थांबवता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." ती लग्नाबद्दल बोलत होती की गर्भधारणेबद्दल, हे मी तिला विचारू शकले नाही. या वयात शरीराची वाढ पूर्ण झालेली नसते. प्रसूती अडणे, रक्तदाब वाढून झटके येणे, बाळ कमी वजनाचे जन्मणे हे धोके त्यामुळेच अधिक असतात.

सासूने खोटे वय सांगितले ते पोलिसांच्या भीतीने. पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आणि बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते. कायद्याचा हेतू योग्यच आहे, परंतु त्या धास्तीने घरातली माणसे मुलीला तपासणीलाच आणत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. हा दिलासा किती घरांपर्यंत पोहोचला आहे?

शिक्षणाच्या बाबतीत तर आपण स्वतःच दार लावून घेतले. २००७ मध्ये विरोधामुळे राज्यातील शाळांमधले लैंगिक शिक्षण थांबवण्यात आले. त्या वर्षी आठवीत असलेल्या कित्येक मुली आज स्वतः आठवीतल्या मुलींच्या आया आहेत, आणि लेकीला काय सांगावे हे त्यांनाही कुणी शिकवलेले नाही. प्रजननाचा धडा दहावीच्या विज्ञानात आहे. आठवीनंतर शाळा सुटलेली मुलगी त्या धड्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पाळी, गर्भधारणा कशी होते, नकार कसा द्यावा आणि मदत कुठे मिळते, हे आठवी संपण्यापूर्वी मुलींना आणि मुलांनाही सांगितले गेले पाहिजे. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील एक शिक्षक व एक शिक्षिका यांनी दर आठवड्याला असा तास घ्यावा, अशी योजना आहेच.

ज्यांचे लग्न झाले आहे, त्यांना मात्र आपण वाऱ्यावर सोडले आहे. 'वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे' हे घरोघरी ऐकू येते, पण पाळणा लांबवण्याबद्दल नव्या जोडप्याशी कुणी बोलत नाही. निरोध, तांबी, तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आशाताईंनी मुलगी नांदायला आली की पहिल्या महिन्यातच, सासूलाही सोबत बसवून, हे बोलावे.

किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत, परंतु ती शाळेच्याच वेळेत उघडी असतील तर मुलगी जाणार कशी? जिल्हा परिषद आणि महापालिकेला माझी विनंती आहे की, शनिवारी शाळा सुटल्यानंतर समुपदेशक तेथे थांबावेत, त्याची वेळ प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिली जावी, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडण्यापूर्वी आठवी ते दहावीच्या वर्गांना त्या क्लिनिकची एक भेट घडवून आणावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सोलापूर