धान्य किटमध्ये पुन्हा गहू-तांदूळ नको

संपादक महोदय,

गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या बैठका पुण्यात गल्लोगल्ली सुरू झाल्या आहेत. मांडव, देखावा, मिरवणूक या विषयांच्या खाली बहुतेक मंडळांच्या कागदावर एक ओळ असते : 'गरजू कुटुंबांना धान्य किट'. ती लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते आणि त्यासाठी पैसाही बऱ्यापैकी जमतो. पण वर्षानुवर्षे किट तेच : पाच किलो गहू, पाच किलो तांदूळ, किलोभर साखर, एक लिटर तेल. मग आठवडाभरात त्यातला तांदूळ वस्तीतल्याच दुकानात पडत्या भावाने विकला जातो. यात त्या घरच्या बाईला बोल लावण्यासारखे काही नाही. तांदूळ तिच्या डब्यात होता. तेल आणि डाळ नव्हती.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे चार माणसांच्या प्राधान्य कार्डावर २० किलो गहू-तांदूळ घरात येतो. महिनाभर तो पुरेलच असे नाही, पण घर अडते ते त्यावर नाही. अडते ते डाळ, तेल, तिखट-मीठ, चहा, साबण यांवर. वस्तीतल्या किराणा दुकानात संध्याकाळी सातनंतर थोडा वेळ उभे राहावे. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापत्ती, दहाची साखर अशी खरेदी चाललेली असते. रोजची मजुरी हातात आल्यावर रोजचीच खरेदी, आणि तीही सगळ्यांत महाग दराने, कारण पुडीतला माल किलोच्या भावात कधीच मिळत नाही.

म्हणून आमची मंडळांना आणि सोसायट्यांना कळकळीची विनंती आहे : रेशन जिथे संपते तिथून मदत सुरू करा. चार माणसांच्या घराला महिनाभर उपयोगी पडेल असे किट साधारण असे बसते : तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूगडाळ १ किलो, तेल २ लिटर, साखर २ किलो, शेंगदाणे १ किलो, पोहे १ किलो, मीठ १ किलो, चहा २५० ग्रॅम, मिरचीपूड २०० ग्रॅम, हळद, जिरे-मोहरी मिळून २०० ग्रॅम, कपड्याचे साबण ४ आणि अंगाचे २. घरात वयात आलेली मुलगी असेल तर सॅनिटरी पॅडचा पुडाही हवा. तो यादीत कोणी स्वतःहून मागत नाही, म्हणून देणाऱ्यानेच आठवण ठेवायची.

खरेदीत फसगत होते ती तेलात. एक लिटर तेल भरते सुमारे ९१० ग्रॅम. बाजारात तशाच दिसणाऱ्या ८०० आणि ८५० ग्रॅमच्या पिशव्याही असतात आणि घाऊक कोटेशनमध्ये स्वस्त दिसतो तो बहुतेक वेळा हाच माल. पिशवीवरचे निव्वळ वजन वाचूनच दर ठरवावा. डाळ मार्केट यार्डातून पोत्याने घ्यावी, पण आधी मूठभर नमुना घरी शिजवून पाहावा. जुनी डाळ लवकर शिजत नाही आणि गॅस खाते. गव्हाचे पीठ मात्र देऊच नये. पावसाळी हवेत त्यात जाळी धरते आणि वाटप आठवडाभर लांबले तर पिशवी उघडायच्या आधीच पीठ वाया गेलेले असते.

भरणी करताना टेबले ओळीने लावून प्रत्येकाकडे एकच वस्तू द्यावी आणि शेवटच्या माणसासमोर वजनकाटा ठेवावा. वरचे किट पिशवीसकट सव्वाअकरा किलोच्या आसपास भरते. पहिल्या दोन-तीन पिशव्या वस्तू मोजून पक्क्या करायच्या आणि त्यांचे वजन प्रमाण धरायचे. पुढच्या कुठल्याही पिशवीत शंभर ग्रॅमचा फरक दिसला की ती उघडायची. चहा किंवा मिरचीचा पुडा राहिलेला सापडतो. तेल वेगळ्या जाड पिशवीत गाठ मारून उभे ठेवावे. साबण वेगळ्या कागदात बांधून बाजूला असावा, कारण एका रात्रीत चहा आणि पोह्यांना त्याचा वास लागतो. पोहे सगळ्यांत वर. पातळ प्लास्टिकची पिशवी अकरा किलो पेलत नाही. दुहेरी शिलाईची कापडी पिशवी घ्यावी, ती नंतर घरात वर्षभर चालते.

आता ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही किंवा कार्डावर नावे अपुरी आहेत त्यांच्याविषयी. गहू-तांदूळ खरोखर लागतो तो यांना. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून निघालेले असते, सासरच्या कार्डावर चढलेले नसते. वेगळे निघालेल्या मुलाचे कुटुंब कागदावर अजून बापाच्याच घरात असते. म्हाताऱ्यांचे आणि सिमेंट-विटांचे काम करणाऱ्यांचे बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, राहते आणि धान्य अडते. अशा घरांना वरच्या किटसोबत १० किलो धान्य द्यावे, आणि त्याच भेटीत कार्डाचा अर्जही भरून घ्यावा. बाहेरच्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून आलेल्या मजुरांना अनेकदा ठाऊकच नसते की गावचे कार्ड इथल्या दुकानातही चालते. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत आधार क्रमांक आणि ठसा दिला की देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळते. एवढी माहिती सांगणे हे एका किटपेक्षा मोठे काम आहे.

काही ठिकाणी किटऐवजी दुकानाची कुपने देतात. आम्हाला हा मार्ग जास्त पटतो, कारण त्या घरची बाई स्वतः निवडते. मधुमेहाचा रुग्ण असलेल्या घराला दोन किलो साखरेचे काय करायचे? पण कुपनांना दोन किडी लागतात, त्या आधीच ओळखाव्यात. पहिली म्हणजे दुकानदार हजाराचे कुपन घेऊन सातशे-आठशे रुपये रोख हातावर टेकवतो. दुसरी म्हणजे तो ते जुन्या उधारीत वळते करून घेतो आणि कुटुंब रिकाम्या हाताने घरी जाते. म्हणून ज्या दुकानात त्या घराचे उधारीचे खाते आहे त्या दुकानाचे कुपन त्या घराला देऊ नये. कुपनाला क्रमांक, मंडळाचा शिक्का आणि स्थळप्रत असावी. दुकानदाराला पैसे द्यायचे ते वस्तूवार बिल जोडल्यावरच, आणि दर आठवड्याला. महिनाभर पैसे थकवले की दुकानदार कुपन घेऊन येणाऱ्या बाईला ताटकळत ठेवतो. हा त्रास तिच्या वाट्याला येऊ नये.

शिजवायचे कशावर, हा प्रश्न तर किट देताना कोणी विचारतच नाही. उज्ज्वलाचे सिलिंडर पुष्कळ घरांत कोपऱ्यात रिकामे असते, कारण भरायला एकरकमी पैसे नसतात. तिथे छोले-राजमा देऊन काय उपयोग? अशा घरी त्यांच्याच मोबाइलवरून नोंदणी करून एक सिलिंडर भरून द्यावा. डिलिव्हरीच्या वेळी मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो, त्यामुळे नोंदवलेला नंबर चालू आहे ना, हे आधी पाहावे. नंबर बंद असल्यामुळे सिलिंडर दारातून परत जातो.

घरे निवडताना रस्त्यालगतच्या खोल्यांना चार-चार मंडळांची किट मिळतात आणि वस्तीच्या आत, नाल्याच्या किंवा टेकडीच्या बाजूला एकही पोहोचत नाही. जनता वसाहतीसारख्या चढावरच्या वस्तीत तर वरच्या घरांपर्यंत अकरा किलोची पिशवी न्यायला माणूसच तयार नसतो. प्रभागातल्या मंडळांनी एकत्र बसून एकच वही ठेवली तरी निम्मा घोळ मिटेल. माहिती विचारायची ती अंगणवाडी सेविकेला, आशा सेविकेला आणि महापालिका शाळेतल्या बाईंना. कोणत्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे, कोणते मूल डबा न घेता येते, हे त्यांना पाठ असते. स्थानिक पुढाऱ्याकडून आलेली यादी जशीच्या तशी घेऊ नये. आणि ही वही दोन-तीन जबाबदार माणसांपलीकडे कोणाच्या हाती, विशेषतः व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जाता कामा नये.

वाटपाचा काळही बदलायला हवा. दिवाळीत बोनस, बक्षिसी, फराळ असे काही ना काही घरात येते. हात खरा रिकामा असतो तो मे ते ऑगस्टमध्ये. मे महिन्यात सोसायट्यांतली कुटुंबे गावाला जातात आणि घरकाम करणाऱ्या बायकांचा पगार कापला जातो. जूनमध्ये पाऊस लागला की बांधकामावरचे रोजाचे काम थांबते, आणि त्याच पंधरवड्यात शाळा उघडते. सरकारी, महापालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत असतात, त्यामुळे लहान मुलांना पुस्तके वाटणे म्हणजे पुन्हा गहू-तांदूळच. नववी-दहावीच्या मुलांना ती विकत घ्यावी लागतात आणि शाळा सुटते ती बहुधा याच दोन वर्गांत. पुस्तकांचा संच, वह्या, बूट आणि दप्तर एवढे या मुलांना जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाले तर त्याचे मोल दिवाळीच्या दहा किटांहून जास्त आहे.

ज्या घरातला कर्ता माणूस गेला आहे त्या घरात किट पोहोचवून थांबू नये. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली का, हे पहिले पाहावे. पुढचे सगळे कागद त्या दाखल्यावर उभे राहतात. मृताचे वय १८ ते ५९ असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. निराधार विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात, आणि मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. अर्ज अडतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि आधार बँक खात्याला जोडलेले नसण्यावर. त्या बाईचा तहसील कार्यालयातला प्रत्येक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी. मंडळात कॉलेजला जाणारी दहा-वीस मुले-मुली असतात. त्यांतल्या दोघांनी फाइल हातात घेऊन तिच्याबरोबर जायचे आणि तिचा बुडालेला रोज मंडळाने द्यायचा. एका किटच्या खर्चात दरमहा येणारा पैसा सुरू होतो.

आजारपणातही असेच. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. दाखल होतानाच रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून पिवळे किंवा केशरी कार्ड अथवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. बिल झाल्यावर धावाधाव केली तर फार थोडे हाती लागते, आणि मग तेच कुटुंब व्याजाने पैसे उचलते.

पैशाच्या हिशेबाबद्दल थोडेच. नोंदणी नसलेल्या मंडळांनी वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी घेतलेली असावी. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख घेऊन चालत नाही. ती सवलत पात्र नोंदणी असलेल्या संस्थेच्याच पावतीवर मिळते, हेही त्याला आधी सांगावे. खरेदीची बिले मांडवातल्या फलकावर लावली की विश्वास आपोआप बसतो.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. मंडळांच्या मदतवाटपाच्या बातम्या आपण आवर्जून छापता, आणि त्याबरोबर रांगेतल्या बायका-मुलांचा पिशवी हातात धरलेला फोटोही येतो. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात तोंड दाखवायचे असते. यापुढे भरणीचा, मालाचा, बिलाच्या फलकाचा फोटो मागवावा आणि घेणाऱ्याचा चेहरा असलेला फोटो छापू नये. बातमीत किटमध्ये काय काय होते आणि कितीला पडले हे दिले तर पुढच्या बैठकीत बसणाऱ्या मंडळाला त्यावरून आपली यादी करता येईल.

आपले,
वस्त्यांत मदतवाटपाचे काम करणारे काही कार्यकर्ते, पुणे